एकमोवरच्या रुग्णाच्या पायाची राखण

पावसाळ्यात लेप्टोने फुप्फुसांत रक्तस्राव झालेला शेतकरी, विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज आलेली महाविद्यालयीन मुलगी, हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यानंतर कितीही औषधे चढवली तरी रक्तदाब न धरणारा पन्नाशीतला खलाशी, असे रुग्ण रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा रायगडमधल्या अतिदक्षता विभागात दाखल होतात आणि त्यांतल्या एखाद्यावर एकमो, म्हणजे रक्त शरीराबाहेर काढून, त्यात प्राणवायू मिसळून ते पंपाने परत शरीरात सोडणारे यंत्र, लावण्याची वेळ येते. यंत्र बहुधा मोठ्या शहरातले पथक घेऊन येते. ते कोणीही लावले तरी त्यानंतरचे काही तास, कधी कधी अख्खी रात्र, रुग्ण आपल्याच खाटेवर आणि आपल्याच परिचारिकांच्या नजरेखाली असतो. त्या काळात सर्वांचे डोळे रक्तदाबावर, प्राणवायूच्या आकड्यांवर आणि पंपाच्या फेऱ्यांवर लागलेले असतात, तर पाय चादरीखाली असतो. हृदय सावरले पण पाय गमावला, ही दुर्घटना बहुतेक वेळा त्या चादरीखाली सुरू होते. ती कशी टाळावी हे या लेखात सांगितले आहे. लेख जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या डॉक्टरांसाठी आणि परिचारिकांसाठी आहे, मात्र रुग्णाच्या नातेवाइकांनाही त्यातला काही भाग उपयोगी पडेल.

हा धोका किती मोठा आहे याचा अंदाज सुरुवातीलाच असलेला बरा. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका संकलनात 20 अभ्यासांमधल्या 1,866 प्रौढ रुग्णांची माहिती एकत्र केली होती. त्यात पायाचा रक्तपुरवठा तुटण्याचे प्रमाण सुमारे 17 टक्के, पोटरीचे स्नायू फुगून त्वचा आणि आवरण चिरावे लागण्याचे किंवा तशी अवस्था येण्याचे प्रमाण सुमारे 10 टक्के, आणि पाय कापावा लागण्याचे प्रमाण जवळपास 5 टक्के होते. म्हणजे दर सहा रुग्णांमागे एकाच्या पायावर बेतते. त्यातला बराचसा भाग टाळता येण्याजोगा आहे, हे माझे ठाम मत आहे.

रक्त अडते कुठे

हृदयासाठी लावलेल्या एकमोत, म्हणजे शिरेतून रक्त घेऊन धमनीत परत सोडणाऱ्या पद्धतीत, परतीची जाड नळी बहुधा जांघेतल्या फेमोरल धमनीत घातली जाते. तिचे तोंड वरच्या दिशेला, महाधमनीकडे असते, आणि पंप मिनिटाला तीन ते पाच लिटर रक्त वरच ढकलत असतो. पायाकडे जाणाऱ्या रक्ताने जायचे कुठून, तर त्या नळीच्या बाजूने उरलेल्या फटीतून. ही फट किती असते याचा हिशेब अवघड नाही. नळ्यांची जाडी फ्रेंच या मापात मोजतात. पॅरिसमधल्या शारियेर या शस्त्रक्रियेची उपकरणे बनवणाऱ्या कारागिराने एकोणिसाव्या शतकात रूढ केलेल्या या मापात तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. 17 फ्रेंचची नळी बाहेरून साधारण 5.7 मिलिमीटर जाड असते. धमनी आतून 7 मिलिमीटर असेल, तर नळी तिचा जवळजवळ दोन तृतीयांश छेद व्यापते. त्याच धमनीत 15 फ्रेंचची नळी घातली तर निम्मा छेद मोकळा राहतो. एखाद्या सडपातळ बाईची धमनी 6 मिलिमीटरची असेल, तर 17 फ्रेंचची नळी तिच्यात घट्ट बसेल आणि खाली रक्त जवळपास जाणारच नाही.

याला आणखी कारणे येऊन मिळतात. मूळच्या शॉकमुळे, म्हणजे रक्तदाब कोसळलेल्या अवस्थेमुळे, रक्ताभिसरण मंद असते. रक्तदाब टिकवण्यासाठी दिलेली नॉरअॅड्रेनालिनसारखी औषधे हातापायांच्या लहान वाहिन्या आवळतात. शिरेतली नळी त्याच पायात घातली असेल, तर रक्त बाहेर पडण्याची वाटही अडते आणि पाय सुजतो. धमनीतल्या नळीच्या खाली थांबलेल्या रक्तात गुठळी होते. त्यात रुग्णाच्या धमन्या आधीच खराब असतील, तर वाट अधिकच बिकट होते. मधुमेही, विड्या-सिगारेट ओढणारे आणि पूर्वी चालताना पोटरी दुखत असलेले रुग्ण यांत येतात. आपल्याकडे मिश्री लावणाऱ्या बायकांना तंबाखूची सवय विचारली तर त्या बहुधा नाही म्हणतात, कारण मिश्रीला त्या तंबाखू समजत नाहीत. म्हणून तो प्रश्न वेगळा विचारावा. आणि तरुण, निरोगी रुग्णांना धोका कमी असतो असेही मानू नये. त्यांच्या धमन्या लहान असतात आणि वाहिन्यांवरचा आवळ जोरदार असतो. शिवाय वर्षानुवर्षे धमन्या बंद होत गेलेल्या माणसाच्या पायात ज्या पर्यायी वाटा तयार झालेल्या असतात, त्या त्यांच्याकडे नसतात.

फुप्फुसांसाठी लावलेल्या एकमोत, म्हणजे रक्त शिरेतून घेऊन शिरेतच परत सोडणाऱ्या पद्धतीत, धमनीत नळी नसते आणि हा धोका खूपच कमी असतो. लेप्टोच्या रुग्णाला बहुधा हीच पद्धत लागते. तरीही रक्तदाबाची औषधे चालू असतील तर बोटे काळी पडू शकतात आणि शिरेत गुठळी होऊ शकते, म्हणून पाय पाहणे सोडता येत नाही. मात्र पुढचा मजकूर मुख्यत्वे धमनीत नळी असलेल्या रुग्णांसाठी आहे.

नळी घालतानाच पाय वाचतो

पथक नळी घालण्याच्या तयारीत असताना स्थानिक डॉक्टरने बाजूला उभे राहू नये. दोन कामे त्याने आवर्जून करावीत. पहिले, नळी घालण्यापूर्वी दोन्ही पायांच्या नाड्या, रंग, उबदारपणा आणि डॉप्लरचा (वाहत्या रक्ताचा आवाज ऐकवणाऱ्या छोट्या यंत्राचा) आवाज यांची नोंद कागदावर करावी. नंतर पाय गार लागला की तो मुळात कसा होता हाच प्रश्न पहिल्यांदा उभा राहतो आणि त्याचे उत्तर कोणापाशीही नसते. दुसरे, सोनोग्राफीचा प्रोब जांघेवर ठेवून दोन्ही बाजूंच्या धमन्यांची रुंदी मोजावी आणि आत चुन्याचे थर आहेत का ते पाहावे. हे काम पाच मिनिटांत होते, आणि त्यावरून नळी कोणत्या बाजूला आणि किती जाडीची घालायची हे अंदाजाने न ठरता मापाने ठरते.

नळी घालणाऱ्याने सुई सोनोग्राफीच्या मदतीने कॉमन फेमोरल धमनीत, म्हणजे जांघेच्या बंधाच्या खाली आणि धमनीला फाटा फुटण्याच्या वर घालावी. सुई खाली जाऊन सुपरफिशिअल फेमोरल धमनीत शिरली, तर ती वाहिनी बारीक असल्याने जाड नळी तिला पूर्ण बुजवते. सुई बंधाच्या वर गेली, तर पोटाच्या मागे रक्तस्राव होतो आणि तो बाहेरून दिसत नाही. प्रौढांमध्ये गरजेपुरता प्रवाह 15 ते 17 फ्रेंचच्या नळीतून बहुधा मिळतो. जाड नळीने आणखी अर्धा लिटर मिळेल म्हणून 19 किंवा 21 फ्रेंचकडे जाण्यापूर्वी तो अर्धा लिटर खरोखर लागणार आहे का, हे विचारावे. शिरेची नळी शक्य तेव्हा दुसऱ्या पायात घालावी. तिथे आधीच बलूनपंप, म्हणजे हृदयाला मदत करण्यासाठी जांघेतून महाधमनीत घातलेला फुगा, असेल, तर दोन्ही पायांची जोखीम मोजून मगच निर्णय घ्यावा.

यानंतर सर्वांत महत्त्वाचा निर्णय येतो, तो पायाकडे रक्त नेणाऱ्या वेगळ्या बारीक नळीचा. तिला डिस्टल परफ्युजन कॅथेटर म्हणतात. पुढे तिला मी बारीक नळी असेच म्हणेन. ही साधारण 6 ते 8 फ्रेंचची नळी जाड नळीच्या खाली सुपरफिशिअल फेमोरल धमनीत पायाच्या दिशेने घालतात आणि जाड नळीच्या बाजूच्या तोटीला जोडतात. पंपाच्या रक्ताचा थोडा भाग तिच्यातून पायाला मिळतो. काही पथके ती सुरुवातीलाच घालतात. काही पथके पाय गार पडला तर पाहू असे म्हणतात. मी पहिल्या मताचा आहे, आणि त्याचे कारण हाताच्या कामाशी संबंधित आहे. जाड नळी बसून पंप सुरू झाला की तिच्या खालची धमनी रिकामी होऊन चपटी होते आणि अशी चपटी, आवळलेली धमनी सुईने गाठणे अनुभवी हातालाही जड जाते. म्हणून बारीक नळीची तार किंवा शीथ (नळी आत सरकवण्याचे आवरण) आधी धमनीत घालून ठेवावे आणि जाड नळी त्यानंतर घालावी, हा क्रम सर्वांत सोपा पडतो. रात्री दोन वाजता, गार पडलेल्या पायात, पथक परतीच्या वाटेवर असताना हेच काम करण्याची वेळ आणू नये.

बारीक नळी नेमकी कुठे गेली हे सोनोग्राफीने तपासावे. ती मांडीच्या खोल शाखेत, म्हणजे प्रोफंडा धमनीत गेली, तर मांडी गुलाबी दिसते आणि पाऊल पांढरेच राहते. जोडणी छोटी, ल्यूअरलॉकची (फिरवून घट्ट बसणारी) आणि पारदर्शक असावी. मध्ये तीन तोंडांची चावी लागलीच, तर ती चालू स्थितीत चिकटपट्टीने बांधून टाकावी, कारण कोणीतरी घाईत ती फिरवतो आणि नंतर कोणाच्या लक्षात येत नाही. या नळीतून रक्ताचे नमुने घेऊ नयेत आणि तिच्यातून औषध तर कधीच देऊ नये. नळीवर तसे ठळक अक्षरांत मराठीत लिहून चिठ्ठी लावावी. जोडताना हवेचा एक बुडबुडाही राहू देऊ नये, कारण तो थेट पायाच्या धमन्यांत जातो.

बारीक नळीतून किती रक्त जाते हे मोजणारा प्रवाहमापक उपलब्ध असेल तर तो लावावा. मिनिटाला किमान 100 मिलिलिटर प्रवाह असावा असे साधारणपणे मानले जाते. प्रवाहमापक नसेल तर पावलावरचा डॉप्लर हाच आपला मापक. जांघेत बारीक नळी घालणे जमलेच नाही, तर पावलावरच्या किंवा घोट्यामागच्या धमनीतून उलट दिशेने रक्त सोडण्याचा मार्ग आहे, किंवा धमनीची नळी काखेत हलवता येते. हे निर्णय वाहिन्यांच्या शस्त्रक्रियेतल्या तज्ज्ञाशी बोलूनच घ्यावेत.

दर तासाला काय पाहावे

आता परिचारिकांच्या कामाकडे वळू. माझ्या मते या लेखाचा गाभा हाच आहे. एकमोवरच्या रुग्णाच्या पायाची नाडी हाताला लागत नाही, यात नवल नाही. पंप रक्त सतत ढकलतो, ठोके देत नाही, आणि हृदय क्षीण असेल तर मनगटाची नाडीसुद्धा लागणार नाही. म्हणून नाडी लागत नाही या नोंदीवरून पायाबद्दल काहीच कळत नाही. रुग्ण झोपेच्या औषधांवर असल्याने पाय दुखतो, मुंग्या येतात असे तो सांगू शकत नाही. त्याच्या वतीने आपले डोळे, हात आणि डॉप्लर यांनाच बोलावे लागते.

पहिली अट अशी की दोन्ही पावले उघडी असावीत. मोजे, पायघोळ चादर, गुंडाळलेले बॅंडेज यांखाली काहीच दिसत नाही. एका रात्री आमच्याकडच्या एका रुग्णाला पाय गार लागतात म्हणून कोणीतरी मायेने लोकरीचे मोजे घातले आणि सकाळी ते काढले तेव्हा डाव्या पावलाचा रंग जांभळट झालेला होता. तो पाय पुढे वाचला, पण त्यासाठी पोटरी चिरावी लागली. तेव्हापासून आमच्याकडे पावलांवर काहीही घालायचे नाही, खोली गार वाटली तर वातानुकूलनाचे तापमान वाढवायचे, असा नियम आहे.

दर तासाला दोन्ही पावले शेजारी शेजारी पाहावीत. फरक पाहण्यासाठी दुसरा पाय हाच सर्वांत चांगला आरसा आहे. दोन्ही पावले सारखीच गार असतील तर कारण बहुधा शॉक, औषधे किंवा थंड खोली हे असते. एकच पाऊल गार असेल तर कारण जांघेतल्या नळीत आहे असेच धरून चालावे, जोपर्यंत तसे नसल्याचे सिद्ध होत नाही. खोलीतल्या एसीमुळे एकच पाय गार पडत नाही. हे वाक्य मी प्रत्येक नव्या सिस्टरला पहिल्याच दिवशी सांगतो.

रंग पाहताना आपल्या कातडीचा विचार करावा. सावळ्या पायाच्या पाठीवर फिकेपणा कळत नाही, म्हणून तळवा, बोटांचे पेर आणि नखे पाहावीत. भातशेतीत आणि आंब्याच्या बागेत अनवाणी फिरलेल्या माणसाच्या तळव्याला जाड घट्टा असतो. अशा ठिकाणी बोटाच्या पेराच्या कडेला, जिथे कातडी मऊ आहे तिथे दाबून सोडावे आणि रंग परत यायला किती सेकंद लागतात ते मोजावे. दोन-तीन सेकंदांच्या वर गेले की सावध व्हावे. पायाला मेंदी किंवा अळता लावलेला असेल, तर दुसऱ्या बोटाचे पेर निवडावे. नखांवरचा रंग काढून टाकावा, कारण बोटाला लावलेल्या प्राणवायूमापकाचे आकडेही त्यामुळे फसतात.

जोडवी, पैंजण, पायाला बांधलेला काळा दोरा, हे सर्व सुरुवातीलाच काढावे लागते. नंतर पाय सुजला की तेच फास बनतात. जोडवी काढणे हे काही घरांत जिवावर येते. ती कापू नयेत, काढून नातेवाइकांच्या हातात द्यावीत आणि का काढली ते शांतपणे सांगावे. घरातल्या मोठ्या बाईला काकू किंवा आजी म्हणून जवळ बसवून समजावले की विरोध बहुधा मावळतो, आणि ती जोडवी पदरात बांधून ठेवते.

त्यानंतर डॉप्लर. पावलाच्या पाठीवर आणि आतल्या घोट्यामागे जिथे आवाज चांगला ऐकू येतो तिथे न पुसणाऱ्या पेनाने फुली मारावी, म्हणजे रात्रपाळीतल्या सिस्टरला शोधाशोध करावी लागत नाही. ठोक्याचा खास आवाज ऐकू येणार नाही. वाऱ्यासारखी अखंड घों अशी सळसळ येईल, आणि तीच पुरेशी आहे. आवाज होता आणि आता नाही, हा बदल धोक्याचा. ज्यांच्याकडे निअर-इन्फ्रारेड प्रकाशाने स्नायूंमधला प्राणवायू मोजणारे यंत्र आहे, त्यांनी दोन्ही पोटऱ्यांवर त्याचे पॅच नळी घालण्यापूर्वीच लावावेत. आकडा 40 च्या खाली गेला, सुरुवातीच्या आकड्यापेक्षा 25 टक्क्यांहून अधिक घसरला, किंवा दोन पायांमध्ये 15 ते 20 चा फरक पडला, तर लगेच नळी, जोडणी आणि डॉप्लर तपासावा. या यंत्राचा फायदा असा की ते रात्री डुलकी घेत नाही.

शेवटी पोटरी दाबून पाहावी. ती पिकल्या केळ्यासारखी मऊ असावी. कच्च्या फणसासारखी टणक लागली तर स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढतो आहे. गुडघ्याखाली ठरावीक ठिकाणी खूण करून टेपने दोन्ही पोटऱ्यांचा घेर दर चार-सहा तासांनी मोजावा. रक्तातले क्रिएटिन कायनेज, पोटॅशियम आणि लॅक्टेट यांच्या तपासण्या दिवसातून किमान एक-दोनदा कराव्यात. कायनेज स्नायूला इजा झाली की रक्तात वाढते. ते झपाट्याने चढत असेल आणि त्याचे दुसरे कारण दिसत नसेल, तर पोटरीकडे बोट दाखवावे. रुग्ण जागा असेल तर पायाची बोटे हलवायला सांगावे, अंगठा आणि दुसरे बोट यांच्यामधली संवेदना पाहावी, आणि पाऊल वर वाकवल्यावर पोटरीत कळ येते का ते विचारावे.

नातेवाइकांचा मुद्दा इथेच उरकून घेतो. पाय गार पडला की आपल्याकडे सुंठ चोळायची, खोबरेल कोमट करून लावायचे, गरम पाण्याची पिशवी ठेवायची. हे सारे प्रेमापोटी होते, पण रक्त न पोचलेल्या, संवेदना हरवलेल्या पायाला गरम पिशवीने भाजते आणि चोळण्याने कातडी सोलवटते. हे ठामपणे थांबवावे. मात्र त्याच माणसाला भेटीच्या वेळी दोन्ही पावलांना हात लावून फरक सांगायला शिकवावे. एकदा एका रुग्णाची आई बाहेर येऊन म्हणाली, “डॉक्टर, उजवो पाय गार पडलो हा,” आणि तिचे म्हणणे बरोबर होते. तासाभरापूर्वीच्या आमच्या नोंदीत सर्व ठीक लिहिलेले होते.

बाकीची काळजी

रुग्णाची मांडी सरळ ठेवावी. जांघेत वाकवल्याने नळीला घडी पडते, म्हणून पाठ 30 अंशांपेक्षा जास्त उचलू नये. टाचा गादीपासून सुटलेल्या असाव्यात, कारण रक्त कमी पोचणाऱ्या टाचेला दोन-तीन तासांतही व्रण होतो. नळीची पट्टी पारदर्शक असावी. आपल्या दमट हवेत, विशेषतः जून ते सप्टेंबर, चिकटपट्ट्या घामाने सुटतात, तेव्हा नळी टाक्यांनी आणि दोन ठिकाणी पट्टीने धरलेली असावी आणि पाळी बदलताना दोन्ही सिस्टरांनी एकत्र ती पाहावी. बारीक नळीतून टॉर्चचा प्रकाश टाकून पाहण्याची सवय लावावी. लालभडक रक्ताच्या जागी काळसर रेघ किंवा पांढरट धागा दिसला तर तिथे गुठळी धरते आहे.

रक्त पातळ ठेवण्यासाठी हेपॅरिन देतात. नळी घालताना वजनाच्या किलोमागे 50 ते 100 युनिट आणि पुढे एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी तपासणी) सामान्याच्या दीड ते अडीच पट राहील असे प्रमाण ठेवणे ही रूढ पद्धत आहे. रक्तस्राव झाल्यास हेपॅरिन थांबवावे लागते, आणि तेव्हा जाड नळीपेक्षा बारीक नळीच आधी बंद पडते, कारण तिच्यातला प्रवाह कमी असतो. म्हणून हेपॅरिन बंद असताना पाय दुप्पट वेळा पाहावा. हृदय सुधारत असताना पंपाचा प्रवाह दोन लिटरच्या खाली आणला जातो, तेव्हाही हीच सावधगिरी लागते. रक्तदाबाची औषधे गरजेपेक्षा एक थेंबही जास्त चालू ठेवू नयेत. पंपाने रक्तदाब सावरला असेल तर ती आधी उतरवावीत.

पाय बिघडला तर

एका पायात बदल दिसला की पुढच्या दहा मिनिटांत बारीक नळीची घडी, चावी, चिमटा, जोडणी हे सर्व पाहून घ्यावे, सरासरी रक्तदाब आणि औषधांची मात्रा तपासावी, आणि सोनोग्राफीने जांघेपासून घोट्यापर्यंत धमनीत प्रवाह आहे का ते पाहावे. त्याच वेळी दुसऱ्या माणसाने एकमो पथकाला आणि वाहिन्यांच्या शल्यविशारदाला फोन करावा. तपासणी पूर्ण होईपर्यंत फोन थांबवू नये. रक्त पूर्ण तुटलेल्या स्नायूला आणि मज्जातंतूला चार ते सहा तासांचा अवधी असतो, आणि रत्नागिरीहून आंबा घाटातून कोल्हापूर गाठायलाच त्यातला निम्मा वेळ जातो. मुंबईची वाट त्याहून लांब. म्हणून आपल्याकडे शंका आली की फोन, खात्री झाल्यावर नव्हे, हा नियम शहरातल्या रुग्णालयांपेक्षा जास्त लागू आहे.

पथकाने बारीक नळी नसेल तर घालावी, असेल आणि बंद पडली असेल तर बदलावी, गुठळी असेल तर फोगार्टीच्या फुग्याच्या कॅथेटरने ती काढावी. यांतून पाय सुधारला नाही तर जाड नळी दुसऱ्या जागी हलवण्याचा विचार करावा. पोटरी टणक झाली असेल आणि सरासरी रक्तदाब व कप्प्यातला दाब यांत पाऱ्याच्या 30 मिलिमीटरपेक्षा कमी फरक उरला असेल, तर पोटरीचे चारही कप्पे चिरून मोकळे करावे लागतात. हेपॅरिनमुळे रक्तस्रावाची भीती असते म्हणून हा निर्णय लांबवला जातो. माझ्या मते ही भीती बाळगूनही तो वेळेत घ्यावा, कारण चिरलेली जखम भरते, मेलेला स्नायू परत येत नाही. बराच वेळ बंद असलेल्या पायात रक्त पुन्हा सुरू झाले की पोटॅशियम आणि मायोग्लोबिन (मेलेल्या स्नायूंतून सुटणारे प्रथिन) रक्तात येते, तेव्हा हृदयाचा आलेख आणि लघवीचा रंग पाहत राहावे.

घाटातून नेताना

रुग्णाला दुसऱ्या शहरात न्यायचे ठरले, तर निघण्यापूर्वी पायाची नोंद नव्याने करावी आणि ती कागदावर लिहून बरोबर द्यावी. स्ट्रेचरचा पट्टा जांघेवरून किंवा मांडीवरून जाता कामा नये. रुग्णवाहिकेच्या आवाजात डॉप्लर ऐकू येत नाही, म्हणून पावले उघडी ठेवून नखांचा रंग आणि पेराचा दाब यांवर भिस्त ठेवावी आणि घाट चढण्यापूर्वी व उतरल्यावर गाडी मिनिटभर थांबवून डॉप्लर लावावा. वळणांवर नळ्या ओढल्या जातात. त्या मांडीला धरून एका माणसाने फक्त तेवढ्याच कामासाठी बसावे. पावसाळ्यात रस्ता बंद झाल्यास थांबावे लागेल याचा विचार करून पंपाची बॅटरी, हाताने फिरवण्याची मूठ आणि हेपॅरिनचा साठा पुरेसा आहे ना, ते आधी पाहावे.

नळी काढल्यावर

पंप थांबला आणि नळी निघाली की सर्वांना हायसे वाटते, आणि नेमके तेव्हाच पाय पुन्हा धोक्यात येऊ शकतो. धमनी टाक्यांनी शिवताना अरुंद होते, किंवा आत राहिलेली गुठळी खाली सरकते. त्यामुळे पहिले 24 तास तरी दर तासाची तपासणी पूर्वीसारखीच चालू ठेवावी आणि आता नाडी हाताला लागायला हवी, असे मानावे. ती लागत नसेल तर सोनोग्राफी करावी. शिरेची नळी निघाल्यावर त्या पायाच्या शिरेत गुठळी होते आणि पाय सुजतो, म्हणून तीही सोनोग्राफीत पाहावी. पाऊल लोंबणे, बोटे न हलणे, अंगठ्याजवळ बधिरपणा असणे ही मज्जातंतूला इजा झाल्याची चिन्हे आहेत आणि त्यांवर व्यायामाचे उपचार लवकर सुरू करावे लागतात.

रुग्ण घरी जाताना कोणत्या जांघेत कोणत्या जाडीची नळी होती, बारीक नळी होती की नव्हती, धमनी कशी शिवली आणि निघताना दोन्ही पायांच्या नाड्या कशा होत्या, हे कागदावर लिहून द्यावे. तो कागद गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावा, आणि पुढच्या मृगात लावणीला उतरल्यावर पोटरी दुखू लागली किंवा जांघेत धडधडणारी गाठ हाताला लागली तर वाट न पाहता यावे, असे रुग्णाला आणि घरच्यांना सांगावे.